पेटी श्यामलाला, खुर्ची कुणालाच नाही

मी, नर्मदा भास्कर उजागरे, मराठी चौथी पास, मूळची नगरची, सध्या राहणार मुलाकडे, खैतान, कुवेत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. सोन्याच्या पाटल्या सून उल्काला. तिने तोंडाने मागितल्या, हे मला आवडलं.

२. मोठी डेग चर्चच्या मराठी मंडळीला. आम्ही आलो तेव्हा समुद्राकाठच्या त्या आंग्लिकन चर्चमध्ये मराठीचा पत्ता नव्हता. आमच्या मालकांनी, म्हणजे भास्कररावांनी, इंग्रज पाळकांना हातवारे करून मागची खोली मागितली आणि अम्गराच्या भंगारबाजारातून ही डेग जोडून आणली. पहिल्या नाताळाला तिच्यात मटण शिजलं, त्या वासाने केरळवाल्यांनी आपली उपासना आवरती घेतली. अजून तिच्यातलं खाऊन कुणी मेलेलं नाही.

३. चर्चमधली खिडकीजवळची, एसीखालची माझी खुर्ची कुणालाच नाही. हवी त्याने लवकर यावं.

४. पेटी श्यामला पाटोळे हिला. ती वाजवायची, मी गायचे. गेल्या नाताळात तिने गाणं फारच रेंगाळत वाजवलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "श्यामले, प्रभू आज जन्मलाय. त्याला पुरायला निघालीस होय?" ती उठली ती इंग्रजी उपासनेत जाऊन बसली. मी बोलले ते खरंच होतं. पण पेटीशिवाय आमचं गाणं म्हणजे जो तो आपापल्या गावाला निघालेला. माणसं पांगली. आता पाळकसाहेब म्हणतात, ईस्टरपर्यंत बाकं भरली नाहीत तर मराठी उपासनेची शुक्रवारची वेळ (इथे सुट्टी शुक्रवारी) तेलुगूवाल्यांना जाईल. मग मला मूठमाती देताना गाणार कोण? नात चारुता म्हणते, "आज्जी, वी कॅन प्ले इट ऑन द फोन." फोन लावलात तर उठून बसेन.
अट : श्यामलाने दर शुक्रवारी मराठीत वाजवायचं. आणि जलद.

५. उरलंसुरलं मुलगा सुयशला. अंमलबजावणीही त्यानेच करावी, बायकोला विचारून.

सहीआधीची नोंद : वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचंय त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची नाही, घेतली तर त्याचं देणं रद्द. सुयशला दोन साक्षीदार आणायला धाडलं, त्यातली एक त्याने श्यामलाच आणली. मुद्दाम की बावळटपणाने, ते विचारलं नाही. तिला सगळं वाचून दाखवलं, कायदासुद्धा.

ती म्हणाली, "म्हणजे तू मरायची वाट बघत बसू मी? तू काय लवकर मरतेस! पेन दे इकडे."

"अगं, सही केलीस तर पेटी जाईल."

"जाऊ दे. तुझीच राहू दे. तूच उचलून आण."

कलम ४ बुडालं. हे सारं मी शुद्धीवर आणि हसत लिहिलं आहे.

खैतान, कुवेत. गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

सही : नर्मदा भास्कर उजागरे

साक्षीदार :
१. क्षितिज साळवे, शेजारी
२. श्यामला पाटोळे. उद्या येते. जलद वाजवणार नाही.