वळसा घालून

आई, तुला जाऊन सत्तावीस वर्षं होतील. लेकीकडे कॅसल हिलला किचनच्या टेबलाशी, चहा निवत ठेवून तुला लिहायला बसलोय. गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला लंडनला गेलो होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठरलेलं नव्हतं. नात म्हणाली, "आजोबा, लेट्स जस्ट गो समव्हेअर," आणि तास-दीड तासात आम्ही ट्रेनने विंचेस्टरला पोचलोसुद्धा.

गाव नेटकं, आणि मधोमध भलंमोठं, शेकडो वर्षांचं कॅथेड्रल. आत पाऊल टाकलं आणि माझी पंचाईत झाली. फरशीतच थडगी गं. एकेका दगडावर माणसाचं नाव, आणि लोक खुशाल त्यावरून चालताहेत. माझा पाय काही उचलेना. तुझं सूप आठवलं. तू जमिनीवर बसून तांदूळ निवडत होतीस आणि मी सात-आठ वर्षांचा, घाईघाईत सुपावरून उडी मारली. मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "मागे जा, आणि वळसा घालून ये." मी मागे जातो, भिंतीकडून वळसा घालतो, सुपाला हात लावून नमस्कार करतो, तेव्हा कुठे तू मान वर करतेस.

तसाच तिथे दगडांच्या कडेकडेने चाललो. नातीला हसू आवरेना. "आजोबा, आर यू प्लेइंग हॉपस्कॉच?" म्हणजे चौकोनांतून लंगडी घालायचा खेळ. तिथे देखरेखीला असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. इथे निजलेल्यांना पावलांची सवय आहे म्हणाल्या, आणि मला एका कोपऱ्यातल्या दगडाशी घेऊन गेल्या. अक्षरं पार झिजलेली. कुणा बाईचा आहे, एवढंच ठाऊक. मी बूट काढले, वाकलो, दगडाला हात लावला. तुला कुठे लावायचा? तुझी राख नदीत सोडली, तेव्हा मी नव्हतो.

परतीच्या ट्रेनमध्ये नातीने हळूच विचारलं, तू गेलीस तेव्हा मी इंडियाला का गेलो नाही. नेहमीचं उत्तर तोंडात तयारच होतं: कालगुर्लीला खाणीवर होतो, रजा मिळाली नाही. दादाला, वहिनीला, सगळ्यांना हेच सांगत आलो. तिलाही तेच सांगितलं.

रजा मिळाली होती, आई. साहेब म्हणाला होता, "गो होम टू युअर मम, मेट." बॅगही भरली होती. पण दादा फोनवर बोलला होता की तू आता कुणाला ओळखत नाहीस. तू माझ्याकडे बघून "कोण?" म्हणालीस तर, या भीतीने मी त्या भरलेल्या बॅगेशेजारी दोन दिवस बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी फोन आला.

दगडांना वळसा घातला ती तुझी शिकवण. हा वळसा मात्र माझा. पत्राची घडी घालून तांदळाच्या डब्याखाली सरकवतोय. बाहेर नातीची गाडी लागल्याचा आवाज येतोय. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.