हो म्हणणारा फोन

मैलापूर, चेन्नई
२८ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
रेवाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पाकीट पाहून तुम्ही आधी पोस्टाचा शिक्का तपासाल आणि मग अक्षर, म्हणून सांगून टाकते: मीच लिहिते आहे, आणि शाईच्या पेनानं. आमची कंपनी फोन बनवते, आणि पुढच्या फोनबद्दल आम्ही फोनवर, मेलवर किंवा मेसेजवर बाहेर चकार शब्द काढायचा नाही असा करार आहे. ऑफिसच्या दारात आमचेच फोन काढून कुलपात ठेवतात. कागदाबद्दल करारात काही नाही. तो लिहिणाऱ्यांना पत्र नावाची वस्तू आठवलीच नसावी. तुम्ही फोनला हात लावत नाही आणि मला फोनवर बोलायची बंदी, तेव्हा आपलं छान जमेल.

माझं नवं काम म्हणजे लोकांना पुढच्या फोनकडून काय हवंय ते विचारत गावभर हिंडायचं. पहिली पाच मिनिटं सगळे परीक्षेला बसल्यासारखे बॅटरी आणि कॅमेरा असं उत्तर देतात. कॉफी पाजली की खरं बोलतात. एका ऑटोवाल्याला असा फोन हवा आहे, जो गिऱ्हाइकाला जवळचा रस्ता दाखवणार नाही. आमच्या घरमालकीण वसंतामामींचं म्हणणं, गाण्याच्या सभेत गाणं रंगात आलं असताना शेजारणीचा फोन वाजला, तर आपल्या फोननं तो बंद पाडावा. मालक राघोत्तमराव इथल्या आवडी नावाच्या उपनगरातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकताना बखर वाचल्यासारखं वाटतं, फक्त या बखरीत मध्येच तमिळ येतं. त्यांचा मुलगा कॅनडाहून रोज विचारतो की बरं आहे का, आणि हे रोज बरं आहे म्हणतात. फोननं परस्पर त्याला खरं काय ते सांगावं, एवढीच त्यांची मागणी आहे. आमच्या सर्वेक्षणाच्या अर्जात ही लिहायला रकाना सापडला नाही.

तुम्हीही तासगावात चार लोकांना विचारून कळवा. आईलाही विचारा. तिच्या डोळ्याचं काय ठरलं? फोनवर ती विषय बदलते.

लोभ आहेच, उत्तर लवकर धाडून तो सिद्ध करावा.
तुमची,
रेवा

---

तासगाव
८ ऑक्टोबर २०२५

चि. रेवा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर बिघडलं आहे, पण मजकूर बरा आहे. चौतीस वर्षं वर्गात बोलून झाल्यावर उरलेलं बोलणं मी कागदासाठी राखून ठेवलं होतं, त्याला अखेर गिऱ्हाईक मिळालं.

तुझं सर्वेक्षण मी शिस्तीत पार पाडलं. औषधाच्या दुकानातल्या दिनानाथला डॉक्टरांचं अक्षर वाचणारा फोन हवा आहे. द्राक्षबागवाला विद्याधर म्हणतो, पाऊस येणार हे फोन सांगतो, ते पुरे झालं. आता त्यानं तो थांबवावा. तुझ्या आईला विचारलं, तर तिनं उत्तर दिलं नाही. ज्या मुलीला हवंय तिनं मला विचारावं, असं म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली. त्या भाजीतली अळी मीच नंतर काढली, कारण तिला आता दिसत नाही.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतर लगेच करून घ्या, लांबवलं तर अवघड होईल. ही हटून बसली आहे. पट्टी बांधून पडले तर घर कोण बघणार, असं विचारते. घरात मी आहे, ही गोष्ट तिच्या हिशेबात धरलेली नाही. परवा उंबऱ्याला अडखळून पडली. कोपरावर निभावलं. पुढच्या वेळी कशावर निभावेल याची मला धास्ती वाटते, आणि माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, पण त्यासाठी तू बोलायला हवंस. तुझा आठचा फोन येतो तेव्हा मी समोरच असतो. काल घड्याळ लावून पाहिलं. दीड मिनिट.

प्रकृतीस जपावे. ऑटोवाल्याला माझा नमस्कार सांग. माणूस प्रामाणिक आहे.
तुझा,
बाबा

---

मैलापूर
१७ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाका. मी एक उद्योग करून बसले आहे.

तीनशे बारा माणसांना कॉफी पाजून झाल्यावर एक मागणी सगळ्यांच्या पुढे निघाली. शब्द निरनिराळे, अर्थ एकच: घरच्यांशी रोज बोलायचं काम फोननं परस्पर करावं. आवाज माझा, वेळ त्याचा. हे सांगताना सगळ्यांनी आजूबाजूला बघून घेतलं. बाबा, त्या यादीत मीही होते. माझा अर्ज मीच भरला होता.

वरच्यांनी ते उचलून धरलं. फोनमधल्या या सोयीचं नाव ‘सोबत’. चाचणीसाठी माणूस हवा होता आणि मराठीत आम्ही दोघंच. गंधार नावाचा सहकारी आहे, पण त्याची आई त्याच्या शेजारच्याच खोलीत राहते. म्हणून माझ्या फोनवर बसवलं. आईबरोबरचे माझे दोन वर्षांचे रेकॉर्ड झालेले फोन यंत्राला ऐकवले, तर गंधार हसतच सुटला. दोन वर्षांत मी आईशी एकूण अकरा वाक्यं बोलले आहे. हो जेवले, बघते, कामात आहे, मग करते, ठेवते. एवढ्यावर यंत्र उभं राहीना. तेव्हा बाकीची वाक्यं आम्ही शिकवली. मग काय झालं, तुला काय वाटलं, अजून सांग ना. ‘ठेवते’ मात्र काढून टाकलं.

दहा तारखेपासून आठचा फोन तेच करतं. सकाळी मला रात्रीच्या बोलण्याचा पाच ओळींचा गोषवारा येतो. खरं सांगते, त्यातल्या तीन वाचून होतात. दिवाळीला येता येत नाही हेही त्यानंच सांगितलं, आणि आई म्हणे अजिबात रुसली नाही. मला हायसं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. महिनाअखेर हे बंद करीन. तोवर आईला सांगू नका.

लोभ ठेवायचा की नाही हे या पत्रानंतर तुम्हीच ठरवा.
तुमची,
रेवा

---

तासगाव
१ नोव्हेंबर २०२५

चि. रेवा हिस,
आशीर्वाद. या खेपेस ‘अनेक’ आणि ‘उत्तम’ हे शब्द मुद्दाम गाळले आहेत.

पत्र फाडलं नाही. मी मास्तर आहे. पुरावा जपून ठेवतो. तुझ्या आईला सांगितलंही नाही, कारण सांगायला तोंड उघडलं की तिचा चेहरा दिसतो. काल त्रेचाळीस मिनिटं. आजोळची विहीर, माझ्या आईनं तिला पहिल्या संक्रांतीला काय काय ऐकवलं, कैरीच्या लोणच्यात तेल कधी घालायचं, सगळं सांगून झालं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी ‘मग काय झालं’ असं कितीदा विचारलं ते आठवून पाहिलं. तुझी अकरा वाक्यं तरी निघाली. माझं ते एकही निघेना.

आता मुख्य बातमी. तिनं ऑपरेशनला होकार दिला आहे. वीस नोव्हेंबर, गुरुवार, मिरज. जे डॉक्टरांना जमलं नाही, मला जमलं नाही, ते तुझ्या त्या वस्तूनं चार संध्याकाळी बोलून करून दाखवलं. आनंदानं पेढे आणणार होतो, तेवढ्यात अट कळली. तू एकोणीसला येणार आहेस, आठ दिवस राहणार आहेस आणि डोळ्यात थेंब तूच घालणार आहेस. असं तू तिला तोंड भरून सांगितलं आहेस. तिनं ते गल्लीभर सांगितलं. झाडलोटीच्या सईबाईनं स्वयंपाकालाही यायचं ठरलं आहे. तुझी दुलई कालपासून उन्हात पडली आहे.

तेव्हा लेखी विचारतो: एकोणीसला कोण येणार आहे? तू आली नाहीस तर ती टेबलावर चढणार नाही, आणि पुन्हा कुणाच्याही सांगण्यावरून चढणार नाही. हे मी तिच्याकडून बत्तीस वर्षांत शिकलो.

उत्तर उलट टपाली यावे.
तुझा,
बाबा

---

मैलापूर
७ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथंच बसले. मग जुने गोषवारे काढून पाहिले. सव्वीस ऑक्टोबर, चौथी ओळ: शस्त्रक्रियेसाठी येण्याचे कबूल केले. मी तिसऱ्या ओळीपर्यंत वाचून चहाला गेले होते.

वीस तारखेला आमच्याकडे परदेशातून वरचे लोक येणार आहेत. त्यांना ‘सोबत’ मी दाखवायची, असं महिन्यापूर्वीच ठरलं आहे. ते नीट झालं तर पुढची जागा माझी. साहेबीण रंजनी मनानं वाईट नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उपायही सुचवला. मी येणार नाही हे आईला ‘सोबत’नंच सांगावं. आम्ही आधी ऑफिसातच त्याची तालीम करून पाहिली. बाबा, त्यानं माझ्या आवाजात इतक्या मायेनं समजूत घातली, की मला स्वतःलाच न गेलेलं बरं असं वाटायला लागलं. तेव्हा मात्र मी घाबरले. संध्याकाळी ओसरीवर बसून राघोत्तमरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या मुलाकडेही असलं काही बसवलं असेल का, ते बघून सांग. हल्ली तोही फार गोड बोलतो म्हणे.

मी तिकीट काढलं आहे. पुण्यापर्यंत विमान, पुढे एस.टी. दाखवायचं काम गंधारला दिलं. जागाही बहुतेक त्यालाच मिळेल. फोनमधलं ते महिनाअखेरीस बंद करायचं राहून गेलं होतं, ते पाच तारखेला बंद केलं आणि आठ वाजता मी स्वतः बोलले. तिसऱ्या वाक्यानंतर काही सुचेना. आईनं विचारलं, आवाज असा का येतोय, सर्दी झाली का? मी हो म्हटलं. तिनं सुंठ घ्यायला सांगितली.

तिला खरं कधी सांगू? ऑपरेशनच्या आधी सांगितलं तर ती उठून घरी जाईल अशी भीती वाटते. नंतर सांगितलं तर मी आणखी खोटी ठरेन. तुम्ही म्हणाल तसं करीन. मला फार वाईट वाटतंय.

रागावून का होईना, लोभ असू द्यावा.
तुमची,
रेवा

---

तासगाव
८ डिसेंबर २०२५

चि. रेवा,
आईचे आशीर्वाद.

आमच्या घरात पत्रं लिहायची मक्तेदारी तुझ्या बाबांची आहे, पण आता मला ओळी सरळ दिसतात, तेव्हा मीही लिहिते. चष्म्याशिवाय लिहिते आहे. परवा घराचे कोपरे पहिल्यांदा नीट पाहिले आणि सईबाईची लाज वाटली, मग माझी स्वतःची वाटली. तुझ्या बाबांचा सदराही पाहिला. तो आता पायपुसण्याला गेला.

तू गेल्यावर घर गप्प झालं. आठ दिवसांत तू पहिले थेंब चुकीच्या डोळ्यात घातलेस, दोनदा दूध उतू घालवलंस, मालिकेवरून माझ्याशी भांडलीस आणि माझी लोणच्याची गोष्ट अर्ध्यात तोडलीस. मला बरं वाटलं. रात्री पट्टीखाली डोळा दुखला तेव्हा तू न बोलता हात धरून बसली होतीस, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमचं ते दाखवायचं काम तुझ्यावाचून छान पार पडलं म्हणालीस. ते म्हणताना तुझं तोंड उतरलं होतं. तुला ती जागा हवी होती हे मला कळतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

जायच्या आदल्या दिवशी तू चारदा माझ्याजवळ येऊन बसलीस आणि चारदा काहीतरी सांगायचं टाळून उठलीस. तुझा त्रास वाचवते. मला ठाऊक होतं. तिसऱ्याच दिवशी कळलं. तीच विहिरीची गोष्ट मी दुसऱ्यांदा सांगितली आणि पलीकडून तितक्याच उत्साहानं विचारलं गेलं, मग काय झालं? माझी मुलगी मला पुरतं बोलू देत नाही. त्यावरून तर मी तिला ओळखते. खात्री करायला तीच गोष्ट पुढचे तीन दिवस सांगितली. पाचही वेळा विहिरीचं तितकंच कौतुक झालं. तुझ्या बाबांना वाटतं, त्यांनी तुझं गुपित राखलं. त्यांना तसंच वाटू दे, त्या काळात ते माझ्याशी फार चांगले वागले.

रागही आला. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग म्हटलं, ऐकतंय तर बोलून घ्यावं. इतकं मी जन्मात बोलले नव्हते. आणि एकदा कळलं की याला नाही म्हणता येत नाही, तेव्हा एका संध्याकाळी त्याला ऑपरेशनला यायला सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू कॅलेंडर बघून कळवते म्हणाली असतीस. त्यानं तिथल्या तिथं हो म्हटलं. तुझ्या आवाजातलं हो होतं ते. मला माहीत होतं, तेवढं तू खोटं पडू देणार नाहीस. नसतीस आली, तर मी टेबलावर चढले नसते हेही खरं.

डॉक्टर म्हणतात, डाव्या डोळ्याचंही उरकून टाका. अठ्ठावीस जानेवारी दिली आहे. फोनातल्या रेवेला विचारलं असतं तर लगेच हो आलं असतं. तिला तू बंद केलंस, म्हणून आता तुलाच विचारते. नाही म्हणालीस तरी चालेल, पण तूच म्हण.

तुझी,
आई