बोअरच्या पाण्याचं वय

आई, तू गेलीस तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो, त्यामुळं पुढचं तुला ठाऊक नाही. परभणीला कॉलेजात गेलो. वर्गात पालमची एक मुलगी होती. दुसऱ्या वर्षी तिच्या बापानं कॉलेजातून तिचं नाव काढलं, तसं मीही रागात माझं काढलं. आबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुष्काळानंतर आपल्या मळ्यात बोअरला पाणी लागलं. त्याच मुलीचा बाप मळा बघायला आला, ओंजळभर पिऊन म्हणाला, “लय गोड हाय. पण टिकतंय का? टिकणारं असलं तर सोयरीक करू.” पाण्याचं वय काढणारे एक साहेब तेव्हा आपल्या भागात फिरत होते, मी त्यांच्या हाताखाली लागलो होतो. अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्यापासून पावसातून ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन खाली येतो. नव्या पाण्यात तो सापडतो, जुन्यात नाही, असं त्यांनी समजावलं होतं. ट्रिटियम निघालं म्हणजे बोअर पावसानं भरतंय. मुलीचा बाप त्याच निकालासाठी थांबला.

नमुन्याची बाटली भरून मी ओसरीवर ठेवली अन् हातपाय धुवायला गेलो. येऊन बघतो तर आबा रांजणातलं पाणी तिच्यात ओतायलेत.

“आबा, काय करायलाव हे?”

“चार बोटं कमी होती. पाव्हण्याच्या हाती अपुरं भांडं देत्यात का? तुझ्या मायनं शेजारणीची वाटी कधी रिकामी धाडली न्हाई.”

रांजणातलं पाणी आडाचं, म्हणजे अलीकडच्याच पावसाचं. ते मिसळलेलं तसंच दिलं असतं तर निकाल नवा आला असता अन् ती सून म्हणून आपल्या घरात आली असती. हे मला तिथंच कळलं. पण पुढं बोअर आटलं असतं तर तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघणार होतो? बाटली अंगणात उपडी केली, आबांना नाही नाही ते बोललो, आणि बोअरवर जाऊन दुसरी भरली.

ट्रिटियम निघालं नाही. “हे पाणी तुझ्या जन्माआधीचं,” साहेब म्हणाले, “उपसाल तेवढं कमी होणार.” मुलीच्या बापानं नकार कळवला. उन्हाळ्यात पूर्णेला रेल्वेत असलेल्या मुलाशी तिचं लग्न झालं. आपण ऊस लावायचा नाद सोडला, ज्वारीच घेतो.

आबा मात्र येईल त्याला सांगतात, “ह्यानं भरलेलं भांडं उपडं केलं, म्हणून सोयरीक मोडली.” मी चिडतो, ताटावरून उठतो. हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून तुला तेवढं लिहितो: आबांचं खरं आहे. त्यांना ते कसं खरं आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही.