साडीच्या पट्टीची गाठ

३ फेब्रु.
कंबर तशीच दुखतेय. ओवी नऊ महिन्यांची झाली. रांगत येते, पायाशी बसून हात वर करते. मी आईला हाक मारते, मग आई तिला उचलून माझ्या मांडीवर देते. स्वतःच्या पोरीला जमिनीवरून उचलता येत नाही. लाज वाटते. रागही येतो. कोणावर, ते...

६ फेब्रु.
सातपूरला फिजिओ मॅडमकडे. तपासताना पोटावर हात ठेवला, तर आईने बांधलेली जुन्या सुती साडीची पट्टी, करकचून. "कधीपासून बांधताय?" बाळंतपणापासून. हसल्या नाहीत, बरं झालं. म्हणाल्या, "सुरुवातीला ठीक होतं. आता पोटाचं काम पट्टी करतेय, मग पोट कशाला करेल?" श्वास सोडत पोट आत, उताणं पडून कंबर वर, रोज चालणं. नऊ महिने मी मुकाट बांधून घेतलं. आणि म्हणे इंजिनिअर.

७ फेब्रु.
आईला सांगायचं धाडस नाही. ती सकाळी बांधते, मी बाथरूममध्ये जाऊन सोडते.

१५ फेब्रु.
पकडले गेले. पट्टी वॉ. मशीनमागे सापडली. आईचा पारा चढला. "पोट बांधलं म्हणून तर तुझ्या टायमाला दोन महिन्यांत मागावर बसले. येवल्यात इचार कुणालाबी."
"मग तुझी कंबर दुखली नाही?"
"दुखती की. लय वर्षं झाली. बायांची दुखायचीच."
पण आज बांधायला आली नाही.

२ मार्च
खाली पडलेला मोजा उचलला. उचलल्यावर लक्षात आलं, कळ आलीच नाही. मोजा हातात घेऊन बसून राहिले. किती हलकं वाटलं.

१९ मार्च
उचललं! मॅडमनी दाखवलं तसं, एक गुडघा टेकून, ओवीला छातीशी धरून, श्वास सोडत. बारीक कळ आली नि गेली. ओवी माझे केस ओढत होती, मी रडत होते. आई दारातून बघत होती.

२१ मार्च
दुपारी व्यायामाला चटई अंथरली, तर शेजारी आईही आडवी झाली. "मला बी दाखव. एकतीस वर्षांचं दुखणं, जाईल का गं?"
बघू म्हटलं. मॅडमना विचारायला हवं. श्वास सोड म्हणून तिच्या पोटावर हात ठेवला.
साडीखाली हाताला पट्टीची गाठ लागली.