तिसरं प्रकरण

सर, आज मी तुमच्याच विषयावर तासभर बोलले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

लेकीच्या शाळेत वादविवाद आहे. युद्धाचा निर्णय राष्ट्राध्यक्षाने एकट्याने घ्यावा का, असा विषय. तिच्या वाट्याला आलीय ‘घ्यावा’ ही बाजू. नवरा ऑफिसच्या कामासाठी ओसाकाला गेलाय. दुपारी मी ओट्याशी भेंडी चिरत होते आणि ती टेबलावर जपानीत पुटपुटत लिहीत होती. हल्ला झाला तर संसद बोलवायला वेळ कुठे असतो, हा तिचा मुख्य मुद्दा. मी सहज विचारलं, “आणि तो निवडणूक हरला असेल तर? नवा येईपर्यंत दोन-अडीच महिने सैन्य त्याच्याच हुकुमात असतं.” तिची पेन्सिल थांबली. मी सुरी खाली ठेवली.

हा प्रश्न तुमचा. तुमच्या घरचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. काकू शाळेत गेलेल्या असायच्या, चहा तुम्हीच करायचात, आलं जरा जास्तच घालून. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण गॅसशेजारी ठेवून तुम्ही उभ्यानेच वाचताय. निकालच वादात असेल तर सेनापतींनी कोणाचा हुकूम मानायचा, यावर मी वीस पानं लिहिली होती, चार देशांच्या राज्यघटना धुंडाळून. तुम्ही शेवटचं पान उलटलंत आणि म्हणालात, “सगळ्यांची मतं आहेत यात. तुझं कुठंय?” मला रडू आलं. तुम्ही समजूत काढली नाहीत, कप माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात की तिसऱ्या प्रकरणात फक्त तूच बोलायचंस, बाकी कोणी नाही.

मग लग्न ठरलं, नवऱ्याचं तोक्योचं कॉन्ट्रॅक्ट आलं. निरोप घ्यायला आले तेव्हा म्हटलं, तिकडून पाठवते. तुम्ही म्हणालात, “पाठव. मी आहे.” वर्षभराने तुमची मेल आली, दोनच ओळींची: प्रकरण कच्चं असलं तरी चालेल. मी तेव्हा बेन्तोच्या कारखान्यात डब्यांत भात भरत होते, पोटात लेक होती. काहीतरी लिहून झालं की उत्तर देऊ, असं ठरवलं. काहीच लिहून झालं नाही. मग कॉलेजच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला, हार घातलेला. मी ओजिमा स्टेशनवर उभी होते. त्या गर्दीत सांगणार कोणाला? गाडी आली, चढले.

आज लेकीला अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या जपानीत समजावताना लक्षात आलं, मी कोणाचाच दाखला देत नव्हते. जाणाऱ्या माणसाच्या हाती युद्ध देऊ नये, कारण त्याला पुन्हा लोकांपुढे उभं राहायचं नसतं, हे मी म्हणाले. हे कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. बहुतेक माझंच असेल. तिने ते लगेच वहीत उतरवलं, समोरची बाजू हेच म्हणाली तर उत्तर तयार हवं म्हणून. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, “आई, नान्दे शित्तेरु नो?” हे तुला कसं माहीत, असं.

तिला माझ्या शिकण्याबद्दल काहीच ठाऊक नाही, सर. तिला माहीत असलेली आई डबे भरते आणि कचरा वेगवेगळा करते. सांगायला गेले असते तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि मग त्या मेलपर्यंत यावं लागलं असतं.

मी म्हटलं, टीव्हीवर ऐकलं होतं.