झोपलेल्या वेली बघायला

आत्याबाई, सायप्रसला कोणत्या महिन्यात जायचं, यावरून तुमच्या घरात सध्या धुसफूस चालू आहे. सायप्रस हे एक बेट आहे, लांब तिकडे, भूमध्य समुद्रात. लोक तिथे हौसेनं सुट्टीला जातात, समुद्रात डुंबतात आणि उन्हात पडून राहतात. तुम्ही म्हणाल, उन्हात पडायला विमानानं कशाला जायचं, आपल्या बांधावर काय ऊन कमी आहे? पण तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा पाळण्यात असलेली तुमची धाकटी नात, माझी लेक, आता तिथे आहे. नर्सिंग शिकली आणि तिथल्या डोंगरातल्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते. त्या बाईंच्या घरामागे द्राक्षाची बाग आहे. सगळा घोळ त्या बागेनं केला.

गेल्या वर्षी जानेवारीत तिनं त्या बागेचा व्हिडिओ पाठवला. आपल्याकडे तेव्हा मण्यांत गोडी भरत होती, नेमके ढग आलेले, आणि तुमचे चिरंजीव घास तोंडात तसाच ठेवून सारखे दारात जाऊन आभाळ बघत होते. मी व्हिडिओ उघडला तर धो धो पाऊस, आणि त्या पावसात नुसती काळी खोडं. एक पान नाही, एक कोंब नाही. लगेच फोन लावला आणि विचारलं, "मेली का गं सगळी?" ती हसायला लागली. "झोपल्यात त्या, आई. थंडीभर झोपतात. मार्चमध्ये उठतील." मग तिनं फोन घरात फिरवला. खिडकीशी त्या म्हाताऱ्या बाई कॉफी पीत बसल्या होत्या. त्यांच्या बागेवर एवढा पाऊस कोसळत होता आणि त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. आत्याबाई, मी थक्क झाले. माझा सगळा जन्म द्राक्षात गेला, पण पावसात अशी निवांत बसलेली बागाईतदारीण मी पहिल्यांदा पाहिली.

तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं. लग्नानंतरची माझी पहिली ऑक्टोबर छाटणी. मी कात्री हातात घेऊन उभी आहे. बाग हिरवीगार आहे, आणि तुम्ही सपासप कापत पुढे निघाला आहात. एप्रिलात हिला पार खरडून काढलं होतं, आता कुठे पानं भरली तर पुन्हा कात्री. माझा हात काही चालत नाही. तुम्ही मागे येता, माझ्या हातातली काडी बघता, आणि सगळ्या बायकांसमोर मला झाडता. "कीव करत बसू नगं. ही परक्या मुलखातली हाय. हिला झोपायची सवय. इथं झोपू दिली तर घड यायचा न्हाई. आपुन जागं राहायचं आन् हिला बी जागं ठेवायचं." मग कापलेल्या काडीवरचे डोळे लवकर फुटावेत म्हणून त्यांना औषध कसं लावायचं, तेही तुम्ही तिथेच दाखवलंत. हंगाम संपल्यावर तुमची स्वतःची कात्री मला देऊन टाकलीत. झोपायचं ते बोलणं मी तुमची बोलायची रीत समजत होते. ते शब्दशः खरं होतं, हे कळायला मला साठी गाठावी लागली. तुम्ही बेट सोडा, समुद्रही पाहिला नव्हता, तरी तुम्हाला हे कसं कळलं असेल, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

त्यानंतर वर्षभर लेकीकडून दर महिन्याला त्या बागेचा फोटो मागवला. मार्चमध्ये खोडांना लव फुटली. जूनमध्ये घड लागले. ऑगस्टमध्ये घडांत साखर भरत होती, आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडली, काही तांबडी झाली, आणि आपसूक गळाली. कोणी कात्री लावली नाही. पिकायच्या वेळी कोरडं ऊन आणि पाऊस पडायचा तो वेल झोपल्यावर. द्राक्षाला विचारून कोणीतरी ऋतू आखून दिल्यासारखे आहेत तिथले. मी ते फोटो ओळीनं बघते आणि हात जोडावेसे वाटतात.

लेक म्हणते, सप्टेंबरमध्ये ये, समुद्र कोमट असतो, तोडा चालू असतो. फेब्रुवारीत इथे थंडी, पाऊस, किनाऱ्यावरची निम्मी हॉटेलं बंद, कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तुमचे चिरंजीव म्हणतात, मे महिन्यात जा, एप्रिलची छाटणी उरकलेली असते. दोघांचंही बरोबर आहे. पण मला फेब्रुवारीतच जायचंय. मला वेल झोपलेली बघायची आहे. आणि फेब्रुवारीत तर आपला माल तोडणीला आलेला असतो, नारायणगावचे व्यापारी बांधावर उभे असतात. मोकळं व्हायचं तर एकच मार्ग, ऑक्टोबरची छाटणी गणपतीच्या आधीच उरकायची, म्हणजे संक्रांतीपर्यंत बाग रिकामी होईल. पण मग फुलोरा परतीच्या पावसात सापडतो. एका रात्रीत घड कुजतात आणि वर्ष हातचं जातं. हे मी तुम्हाला काय सांगायचं!

मी तरीही यांच्याजवळ बोलले. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "झोपल्याली वेल बघायला जागती बाग घालवायची व्हय?" मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. नंतर आम्ही पासपोर्टच्या फोटोला आळेफाट्याला गेलो, तर हे जाता-येता वाटेतल्या बागाच बघत होते. काल संध्याकाळी मात्र बागेतून आले, हातपाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "छाटणीवाल्यांना सांगितलंय. परवा येत्यात. निम्मी बाग आत्ताच कापू. निम्मी ठिवू ऑक्टोबराला. ती मी एकटा बघतो, तू जाऊन ये." म्हणजे अर्धी बाग माझ्यासाठी पावसाच्या तोंडी द्यायची, आणि उरलेली अर्धी त्यांनी एकट्यानं राखायची. मी भाजीची पातेली उगाच पुन्हा घासत बसले.

तुम्ही असता तर यातलं एक अक्षर मी तोंडातून काढलं नसतं. पहाटे मी उठायचे तेव्हा तुम्ही उठलेल्या असायच्या, मी अंथरुणाला पाठ टेकायचे तेव्हा तुम्ही बागेला पाणी द्यायला निघालेल्या असायच्या. तुम्हाला मी झोपलेलं पाहिलं नाही. म्हणून तर हा कागद कुठे धाडायचा नसतानाही लिहिताना मला तुमचा धाक वाटतोय. सगळ्यांना मी सांगते की वेली बघायला चालले आहे. ते खोटं नाही. पण खरं म्हणजे मला त्या म्हातारीच्या खिडकीत बसायचंय. बाहेर फेब्रुवारीचा पाऊस पडत असेल, समोर द्राक्षाची बाग असेल, आणि मी उठणार नाही.