जाते नाही, येते म्हणावं

२७ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! एर्लांगेनच्या घरून गाड्या बदलून बदलून कंबर मोडली, पण गाव असलं गोड की शीणच पळाला. मध्ययुगातलं चांदीच्या खाणींचं गाव, तिरकी घरं, दगडी चौक. नवरोबा पुष्कर फोटो काढत सुटलाय. आमची सात वर्षांची स्पृहा फक्त केक बघतेय. मराठी सगळं कळतं बाईसाहेबांना, उत्तर मात्र जर्मनमध्ये. या सुट्टीत तिला बोलतं करायचंच, मी चंगच बांधलाय.

२८ ऑक्टोबर
आज खाण पाहिली. गार, ओली, आणि डोकं आपटतंच. गाईड उटेबाई म्हणाल्या, या चिंचोळ्या बोगद्यांत पूर्वी लहान मुलांनाच सरपटत पाठवायचे. काही परत यायचीच नाहीत. ऐकवेना बाई!

निघताना स्पृहा अंधाराला 'च्यूस' म्हणाली, म्हणजे जर्मनमधलं टाटा. मी टोकलं, आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. ती ऐकेना, मीही हट्टाला पेटले. शेवटी बोगद्यात ओरडली, 'येते!' काय आनंद झाला मला!

पण प्रतिध्वनीत शेवटचं अक्षर उरतं ना? इथे नुसतं 'ये' आलं. पुष्कर म्हणाला, भिंती ओल्या आहेत.

२९ ऑक्टोबर
संग्रहालयात लक्षच लागलं नाही. स्पृहा सकाळपासून मराठीच बोलतेय. म्हणते, आतली मुलं वाट बघतायत, मी येते म्हटलंय ना. पुष्कर हसून म्हणाला, घे, तुझाच हट्ट. मला मेलीला चैन पडत नाहीये.

३० ऑक्टोबर
दुपारी स्पृहा चौकातून गायब! जीव गेला माझा. खाणीच्या जाळीशी सापडली, बोटं आत घालून. उटेबाईंना 'येते'चा अर्थ सांगितला, तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, खाली असा शब्द कुणी देत नाही. उद्या पहिल्या गाडीने निघा.

३१ ऑक्टोबर
बॅगा भरतेय. पुष्कर टॅक्सी बघायला गेलाय. स्पृहा बूट घालून दारात उभी आहे. निघालो की सुटलो.

नंतर —
मीच. मीच म्हटलं. सुट्टीपुरत्या घेतलेल्या या घराची किल्ली कुठे ठेवायची ते सांगायला घरमालकाचा फोन, मी त्याला 'जा, जा' करत होते. जर्मनमधलं 'जा', म्हणजे 'हो'. तेवढ्यात दारातून स्पृहाने विचारलं, आई, जाऊ? आणि मी फोनवर —

तिने मराठी ऐकलं.

धावत खाणीशी आलो, तर जाळी उघडी. पुष्कर आत धावला. मला म्हणाला, इथेच थांब, ती बाहेर आली तर कुणीतरी हवं. आता त्याचाही आवाज नाही —

हाक येतेय. आई, म्हणून. एकीची नाही. खूप जणांची. देवा, त्यातली माझी कुठली —